मदत हवी आहे: वीकेंडला घाटात चालवायला सेकंडहँड टर्बो-पेट्रोल, फियाटची अबार्थ पुंटो घेऊ की स्कोडाची लॉरा व्हीआरएस?

नमस्कार मंडळी,

गाड्यांचे जुने धागे वाचून काढलेत पण माझ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर कुठे मिळालं नाही म्हणून नवीन धागा काढतेय. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

पुण्यात राहते. घरात रोजच्या वापराला सीएनजी वॅगन-आर आहे, ऑफिस, शाळा, मंडई सगळं तीच करते आणि ती राहणारच आहे. मला हवीय ती दुसरी गाडी, फक्त शनिवार-रविवारची. पहाटे निघायचं, मुळशीवरून ताम्हिणी नाहीतर वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी, वरंध चालू असेल तेव्हा भोरवरून वरंध, आणि ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत परत. एक्सप्रेसवेवर पळवायची नाहीये, तिथे १०० च्या वर जाता येत नाही आणि जायचंही नाहीये. मला वळणं हवीत, हातात काहीतरी जाणवणारं स्टिअरिंग हवंय आणि डाव्या पायाला काम हवंय. म्हणजे मॅन्युअलच, यावर घरात चर्चा संपलेली आहे.

बजेट ८ लाख. त्याशिवाय दीड लाख वेगळे ठेवलेत, पहिल्या वर्षात गाडी जे मागेल ते द्यायला. दादा म्हणतो तेही गाडीतच घाल, साडेनऊची चांगली मिळेल. मला ते अजिबात पटत नाही. दहा-बारा वर्षांची टर्बो गाडी घ्यायची आणि पहिल्या मोठ्या बिलाला ती पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी करायची, असं ओळखीत झालेलं बघितलंय.

आधी काय काय बाद केलं ते सांगते म्हणजे तीच नावं परत येणार नाहीत. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (१८० पीएस) चालवून बघितली, जबरदस्त पळते, पण आपल्याकडे ती फक्त ७ स्पीड डीएसजी ऑटोमॅटिकमध्ये आली आणि तो ड्राय क्लचवाला डीक्यू२०० गिअरबॉक्स आहे, त्याच्या मेकॅट्रॉनिक्सचं (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचं) बिल एकदा आलं की माझे दीड लाख तिथेच संपले. पोलो जीटी टीएसआय १.२ ला पण तोच गिअरबॉक्स. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० चे २०१७ मध्ये ५०० नग आले, ते आजही माझ्या बजेटच्या बरेच वर आहेत. पोलो जीटीआय तर विसरूनच जा, आणि ती तीन दरवाज्यांची, आई मागे बसणार नाही. २००४ ची पहिली ऑक्टाव्हिया आरएस मनापासून आवडते पण इतक्या जुन्या गाडीचं इंजिन काम मला झेपणार नाही.

तर उरल्या तीन. (तिन्ही आपल्याच मातीतल्या, पुंटो रांजणगावची, लॉरा औरंगाबादला शेंद्र्याची आणि पोलो चाकणची, हे मला उगाच फार आवडतं. काका रांजणगावच्या प्लांटमध्ये होते, त्यामुळे फियाटकडे थोडं झुकतं माप आहे हे आधीच सांगते.)

१) अबार्थ पुंटो, २०१६, कोल्हापूर पासिंग, सेकंड ओनर, ४१ हजार रनिंग, मागतायत ७.६०. १.४ टी-जेट, १४५ बीएचपी, २१२ एनएम, चारही चाकांना डिस्क. जाऊन बघून आले. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे आणि काय सांगू, रस्त्यावरची खडी सुद्धा हाताला कळते, बाकी दोन्हींत ते नाही. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी झोपलेली असते आणि मग एकदम ढकलते, मला ते आवडलं. आता खटकलेल्या गोष्टी. चारही टायरच्या साइडवॉलवर ३११८ लिहिलंय म्हणजे २०१८ च्या ३१ व्या आठवड्यातले, नक्षी भरपूर शिल्लक आहे पण नखाने दाबलं तर रबर लाकडासारखं कडक, ते बदलावे लागणारच. टायमिंग बेल्ट (इंजिनातला ठराविक काळाने बदलावा लागणारा पट्टा) बदलल्याची पावती नाही. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिमी आहे, खाली वाकून मोबाइलच्या टॉर्चने बघितलं तर इंजिनखालच्या ऑइल संपच्या पुढच्या कडेला घासल्याचे पट्टे आहेत, तेल गळत नाहीये. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मालकाने स्टेज वन रिमॅप केलंय, म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललंय. ओरिजिनल फाइल आहे का विचारलं तर म्हणाले ज्याने केलं त्याच्याकडे असेल, तो आता गावात नाही.

२) लॉरा व्हीआरएस, २०१२, मुंबई पासिंग, थर्ड ओनर, ९२ हजार, मागतायत ६.९०. १.८ टीएसआय, १६० पीएस, ६ स्पीड मॅन्युअल. सीट, दरवाजा लावल्याचा आवाज, हायवेवरचा ठामपणा, सगळ्यात पुंटोच्या दोन पायऱ्या वर. पण मी सकाळी आठला पोचले तर बोनेट गरम. आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की मला थंड इंजिन चालू करून बघायचंय. मालक म्हणाले पार्किंगमधून बाहेर काढून ठेवली तुमच्यासाठी. पार्किंगमधून बाहेर काढून इंजिन एवढं तापत नाही. या इंजिनाचा चेन टेन्शनर (टायमिंग चेन ताणून धरणारा भाग) हे माहितीतलं दुखणं आहे, थंड इंजिन चालू केल्यावर पहिले काही सेकंद चेन खडखडते का तेच तर ऐकायचं होतं. तेल किती खाते विचारलं तर “टॉप-अप करावं लागतं अधूनमधून”, आता अधूनमधून म्हणजे हजार किलोमीटरला एक लिटर की पाच हजारला, यावर सगळं अवलंबून आहे. शिवाय आरसीची १५ वर्षं २०२७ मध्ये संपतायत, म्हणजे फिटनेस, पर्यावरण कर आणि ५ हजार पुनर्नोंदणी फी लवकरच माझ्याच माथी.

३) पोलो १.० टीएसआय, २०२१, पुण्यातलीच, फर्स्ट ओनर, ३५ हजार, ७.७५. ११० पीएस, ६ स्पीड मॅन्युअल. नवऱ्याचं मत हिला. सगळी सर्व्हिस हिस्टरी आहे, पार्ट्स मिळतात, काहीच खोट निघाली नाही. चालवून आल्यावर मी खूश होते, पण रात्री झोपताना डोक्यात पुंटोच होती.

माझे प्रश्न असे:

अबार्थ वापरणारे कोणी आहेत का? फियाटने आपल्याकडच्या गाड्या बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. टर्बो, कॉइल, सेन्सर, सस्पेन्शनचे आर्म्स हे आज प्रत्यक्षात कुठून आणता आणि किती थांबावं लागतं?

रिमॅप केलेली गाडी परत स्टॉकवर आणता येते का, दुसऱ्याच सारख्या गाडीची फाइल टाकून? २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालत नाहीत, उद्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने बोट ठेवलं तर? मला रस्त्यावर कायदेशीर आणि इन्शुरन्सला स्वच्छ गाडी हवीय, यात तडजोड नाही.

लॉराला परत जाऊन नीट तपासू की तापलेलं बोनेट बघूनच सोडून देऊ?

आणि ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. पुंटो आणि लॉरा दोन्ही त्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, आणि माझी गाडी पाच-पाच दिवस उभी राहणार. जुन्या टर्बोवाल्यांनी रबरी पाइप, पंप वगैरेचं काय केलंय?

---

प्रतिसाद: खंबाटकी

ताई, लॉरा व्हीआरएस माझ्याकडे आहे म्हणून आधी तिच्याबद्दल. गाडी सोन्यासारखी आहे पण तापवून ठेवलेल्या गाडीचा विषय तिथेच संपव. तरी सोडवत नसेल तर मालकाला सांग, आदल्या रात्री गाडी माझ्या माणसासमोर बंद करा आणि सकाळी त्याच्यासमोरच चालू करा. नको म्हणाला तर उत्तर मिळालं. हो म्हणाला तर व्हीसीडीएस केबलवाला (स्कोडा-फोक्सवॅगनच्या इंजिनाची माहिती लॅपटॉपवर वाचणारा) मेकॅनिक सोबत ने, कॅमशाफ्ट अ‍ॅडॅप्टेशनची व्हॅल्यू बघितली की चेन किती ताणलीय त्याचा अंदाज येतो, आणि टायमिंग कव्हरला खाली एक छोटा प्लग असतो, तो काढून टेन्शनर किती बाहेर आलाय ते डोळ्यांनी दिसतं. तेल खाण्याचं मूळ पिस्टन रिंग्जमध्ये असतं, ते काम म्हणजे इंजिन उतरवायचं, तुझे दीड लाख त्यात पुरतीलच असं नाही. आणि हे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन आहे, इन्टेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा येत नाही त्यामुळे तिथे कार्बन साचतो, ९२ हजारांत एकदाही साफ केला नसेल तर तो खर्च पण धर.

---

प्रतिसाद: टीजेट_सातारा

माझ्याकडे फियाट लिनिया टी-जेट आहे, इंजिन तेच, फक्त तुमच्या अबार्थला पॉवर जास्त. आमच्या इंजिनाचं सुख म्हणजे साधं पोर्ट इंजेक्शन, पेट्रोल इन्टेक व्हॉल्व्हवरूनच जातं त्यामुळे कार्बनचं लफडं नाही, चेनऐवजी बेल्ट. पण बेल्टची पावती नाही म्हणजे बदललेला नाही असंच समजा. तो वयावरही बदलतात, ४१ हजार रनिंग बघून सोडू नका. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदमच करून घ्या, गाडी घरी आली की पहिलं काम ते, घाट नंतर.

पार्ट्सचं खरं सांगतो. फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट, क्लच यांची अडचण येत नाही. सस्पेन्शनचं बरंचसं साध्या पुंटो-लिनियाशी जुळतं. अडतं ते बॉडीला, म्हणजे अबार्थचाच बंपर, लाइट, अलॉय. ठोकली तर महिने जातात. त्यामुळे आतापासून मिळेल तेव्हा एकेक घेऊन ठेवायची सवय लावा, आमच्या ग्रुपमधले सगळे तेच करतात. ई२० बद्दल, मी फ्युएल लाइनचे रबरी पाइप बदलून घेतलेत आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवत नाही.

रिमॅप मात्र हलक्यात घेऊ नका. क्लच घसरतोय का ते बघा, चौथ्या गिअरमध्ये दोन हजारवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा, आरपीएम चढले आणि वेग त्या मानाने वाढला नाही की क्लच गेला.

---

प्रतिसाद: सौमित्र_पिंचिं

पोलो घ्या. वीकेंडची गाडी वीकेंडला चालू स्थितीत हवी, एवढंच म्हणेन. ११० पीएस ताम्हिणीला भरपूर होतात, चांगले टायर आणि ब्रेक फ्लुइड बदललं की अजून मजा.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मुद्देसूद मिळेल असं वाटलं नव्हतं.

लॉराच्या मालकांना काल फोन केला, खंबाटकी यांनी सांगितलं तसंच विचारलं. “एवढा संशय असेल तर नका घेऊ” म्हणाले. बाद.

सौमित्र, तुमचं म्हणणं पटतंय आणि नवरा तुमचा प्रतिसाद मला दोनदा वाचून दाखवतोय. पोलोवाल्यांना महिनाअखेरपर्यंत थांबायची विनंती केलीय, ते तयार आहेत. पण सौमित्र, पोलो मला आज नाही घेतली तर पुढच्या वर्षीही मिळेल, अशा सांभाळलेल्या बऱ्याच आहेत. मुळात कमी विकली गेलेली अबार्थ, त्यातून कमी रनिंगची आणि न ठोकलेली, दर वर्षी कमीच होत जाणार. म्हणून ती आधी पूर्ण तपासून मगच सोडायची असं ठरवलंय.

कोल्हापूरच्या मालकांशी बोलणं झालं. माझ्या अटी सांगितल्या: गाडी माझ्या मेकॅनिकच्या लिफ्टवर चढवायची, रिमॅप त्यांच्या खर्चाने स्टॉकवर आणायचं आणि स्कॅनरवर मला दाखवायचं, टायर आणि बेल्टच्या कामाचे पैसे किमतीतून वजा. टायर-बेल्टला हो म्हणाले, ७.१० पर्यंत आलेत. रिमॅपला का-कू करतायत, म्हणतात पॉवर कशाला घालवता. मी ठाम आहे, स्टॉक १४५ मला पुरे, आणि ते झाल्याशिवाय टोकन देणार नाही. आरसीवर आधीच्या लोनचा एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे बँकेचा बोजा) पण अजून दिसतोय, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय ट्रान्सफरचे कागद करायचे नाहीत असं एजंटला सांगून ठेवलंय.

@टीजेट_सातारा, क्लचची टेस्ट पुढच्या रविवारी करते. तुम्ही किंवा ग्रुपमधलं कोणी त्या दिवशी कोल्हापूरला येऊ शकेल का? जेवण माझ्याकडून. नसेल जमत तर कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी भागात टी-जेट उघडून बसवलेला एखादा मिस्त्री आणि मल्टीइसीयूस्कॅन (फियाटचं इंजिन तपासायचं सॉफ्टवेअर) असलेलं गॅरेज माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, शनिवारपर्यंत ठरवायचंय.