ध्वजस्तंभ, ध्वजदंड की नुसता पाइप?

मूळ पोस्ट (शुद्धमराठी): ‘झेंड्याचा पाइप’ म्हणणाऱ्यांची कीव येते. जमिनीत रोवलेला तो ध्वजस्तंभ, हातात धरायचा तो ध्वजदंड. एवढं तरी मराठी यावं.

लातूरचा मास्तर: ‘कीव’ शब्द खुपला, म्हणून लिहितोय. आमच्या शिपाईमामांना मी एकदा ‘ध्वजस्तंभाला रंग द्या’ म्हणालो. त्यांनी ओटा रंगवला, पाइप तसाच गंजका! चूक माझीच. स्तंभ म्हटलं की माणसाला दगडी, जड काहीतरी दिसतं. संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातला मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ बघा. तो स्तंभ. आमच्या शाळेत आहे तो लोखंडी पाइप, वर कप्पी, खाली दोरी.

शुद्धमराठी: मग नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या निशाणसाहिबलाही पाइपच म्हणा!

नांदेडकर: आमचं गाव मधे ओढू नका. तिथं खांब न् झेंडा मिळून एकच नाव आहे, तुमच्यासारखे दोन तुकडे कुणी करत नाही.

कोकणातून बदलीवर: डोलकाठी चालेल का?

नांदेडकर: गोदावरीत गलबतं चालायलीत का?

परभणीकर: शब्द राहू द्या हो. 26 जानेवारीला सगळे ‘ध्वजारोहण’ छापतात, त्याचं काय? झेंडा खालून वर चढवतात ते 15 ऑगस्टला. 26 ला तो आधीच वर बांधलेला असतो, नुसता फडकवायचा.

लातूरचा मास्तर: ते दिल्लीत. गावात दोन्ही दिवशी पाकळ्या घालून घडी बांधतात, वर चढवतात आन् हिसका देतात.

परभणीकर: म्हणजे चूक सगळेच करतात म्हणून बरोबर?

उमरग्याची: आणि 17 सप्टेंबरचं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं काय? माझे आजोबा सांगायचे, निजामाच्या राज्यात तिरंगा काढला की तुरुंग. 15 ऑगस्ट 1947 ला मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थांना झेंड्यापायीच अटक झाली. आमच्याकडं झेंडा चढला तो 1948 ला, भारतीय फौजेच्या पोलीस ॲक्शननंतर. तेव्हा आजोबांनी वेळूची काठी रोवली होती. तिला कुणी दंड म्हणलं न् कुणी स्तंभ म्हणलं, त्यांना काही फरक पडला नाही.

शुद्धमराठी: भावना मान्य. व्याकरण वेगळं.

उमरग्याची: यात व्याकरण कुठंय? शब्दाचा अर्थ चाललाय, दादा.

शुद्धमराठी: बरं, ‘अर्थ’. खूश? आणि काठी असेल तर काठी म्हणा, तेवढं चालेल.

लातूरचा मास्तर: उपकार झाले. गेल्या 17 ला आमची गाठ सुटेना. राष्ट्रगीत संपलं तरी वर गाठोडंच. सरपंच बघायलेत, पोरं हसायलीत. शेवटी आठवीतला एक पोरगा सरसर वर चढला. ध्वजस्तंभ तुमचा, सर. यंदा अडकलं तर तुम्ही चढा.

परभणीकर: मास्तर, आधी कप्पीला ग्रीस लावा. आणि 26 च्या पत्रिकेत ‘ध्वजारोहण’ छापू नका.