आइसलँड: शेवटची रात्र रेक्याविकला की केफ्लाविकला?

भटकभवानी: रिंग रोड (देशाला वळसा घालणारा रस्ता) करून येतोय, फ्लाइट सकाळी ७ ची, भाड्याची गाडी केफ्लाविक एअरपोर्टलाच द्यायचीये. रात्र रेक्याविकला काढावी का? सोबत सासूसासरे आहेत.

निवांत: केफ्लाविक गावातच रहा गं. रेक्याविक ५० किमी लांब, पाऊण तास तरी जातो, त्यात वारा सुटला की विचारूच नको. टाकी रात्रीच फुल कर, पंप बरेचसे सेल्फ सर्व्हिस, कार्डाचा पिन मागतात.

अण्णा_पुणेकर: मी तर म्हणतो गाडी आदल्या संध्याकाळीच देऊन टाका, उजेडात चारी बाजूंनी फोटो काढता येतात, खडीने काच तडकली वगैरे वाद नको. फक्त आधी बॅगा आणि सासूसासऱ्यांना हॉटेलवर उतरवा.

भटकभवानी: हे बरंय! ब्लू लगून (गरम पाण्याचं कुंड) वाटेवरच ना?

निवांत: थोडं वळावं लागतं. पण चालूय ना बघ आधी, २०२३ पासून तिकडे ज्वालामुखीची धुसफूस आहे.