रात्री दोनचा गजर लावा
उत्तर नॉर्वेतल्या वारांगरला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, मग पक्ष्यांच्या आवाजांच्या रेकॉर्डिंगला उठायचं कधी, असं तुम्ही विचारलंत. जूनमध्ये तिथे रात्री एक ते चार ही वेळ धरा. गाड्या नसतात, वाराही बहुधा पडलेला असतो. तरी माइकला फरचं कव्हर हवंच.

ब्लूथ्रोट मात्र चुकवू नका! हिवाळ्यात आपल्याकडे पाणथळीच्या गवतात मुकाट फिरणारा हाच निळ्या गळ्याचा पक्षी तिथे खुरट्या बर्च झाडाच्या शेंड्यावर बसतो. आधी घंटी किणकिणल्यासारखे सूर, मग इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं.

फक्त त्याला त्याचाच आवाज वाजवून बोलावू नका. दुसरा नर आला असं समजून, पिल्लांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो.