'सिसी' बघितला का कोणी? व्हिलन नक्की कोण?

घोडबंदरची_हडळ: काल सगळे झोपल्यावर हेडफोन लावून बघितला, २०२२ चा ऑस्ट्रेलियन हॉरर, सेसिलियाच्या रोलमध्ये आयेशा डी आहे. सेसिलिया इन्फ्लुएन्सर, २ लाख फॉलोअर्स, लोकांना मनःशांतीचे डोस पाजते. मग लहानपणीची मैत्रीण एमा अचानक भेटते, लग्नाआधीच्या पार्टीला बोलावते आणि तिथे जंगलातल्या घरात कोण तर शाळेत छळणारी ॲलेक्स! पुढे रक्तच रक्त. पण एवढं होऊनही मी सेसिलियाच्याच बाजूने का होते यार?

तलावपाळी_७७: कारण कॅमेरा तिच्या डोक्यात बसलाय. ॲलेक्सच्या तोंडावरचा व्रण बघ ना, तो कोणी दिला? छळ झाला हे खरं, पण ही पण काही गरीब गाय नव्हती. बाय द वे एमाचं काम करणारी हॅना बार्लो हीच सहदिग्दर्शक आहे.

वागळेवाला: मी जेवताना लावला, चूक झाली. पोळीभाजी तशीच राहिली 😭

कळव्याची_ताई: मला शाळेत अख्खा वर्ग 'ढोली' म्हणायचा, बाईंसमोर पण. त्यातलीच एक आता माझ्या केकच्या रील्सवर रोज हार्ट टाकते आणि मी पण 'थँक्यू डिअर' लिहिते, आतून काय वाटतं ते नको विचारू. खून वगैरे सोडा, पण ते लाईक मोजत बसणं बघून पोटात गोळा आला.

घोडबंदरची_हडळ: ताई, केकची ऑर्डर देते, तिला ब्लॉक कर 😂