इन्फरेन्शियावरचा कंटेनर अपडेट करायचाय: ड्रायव्हर आधी की इमेज आधी?

बिनहातोडा: एडब्ल्यूएसचं इन्फ२.२४एक्सलार्ज मशीन, सहा इन्फरेन्शिया२ चिप (अ‍ॅमेझॉनच्या, एआय मॉडेल चालवायच्या), उबुंटू, साधं डॉकर. इमेज (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) जुन्या न्यूरॉन एसडीकेची, म्हणजे या चिपच्या सॉफ्टवेअर संचाची आहे, नवी लावायचीय. दुसरं मशीन मिळणार नाही. सेवा फार तर अर्धा तास बंद. क्रम सांगा.

रात्रपाळी: दुसरं मशीन घ्या. नवं उभं करा, ट्रॅफिक वळवा, जुनं पाडा. विषय संपला.

बिनहातोडा: वर काय लिहिलंय?

कर्नलकाका: आधी ड्रायव्हर. तो होस्टवर (मूळ मशीनवर) असतो, रनटाइम (मॉडेल चिपवर चालवणारा भाग) कंटेनरात. नव्या ड्रायव्हरवर जुना रनटाइम सहसा चालतो. उलटं केलंत तर रनटाइम सुरू होतानाच आपटू शकतो. सगळे कंटेनर थांबवा, नाहीतर ‘मॉड्यूल वापरात आहे’ म्हणून आरएममॉड (कर्नलमधला जुना ड्रायव्हर काढायची आज्ञा) अडेल. मग डीकेएमएस पॅकेज (ड्रायव्हर चालू कर्नलसाठी बांधणारं) अपडेट, मॉडप्रोब न्यूरॉन (नवा ड्रायव्हर चढवायला), आणि न्यूरॉन-एलएसच्या यादीत सहाही चिप मोजा. चालू कर्नलचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) आधी टाका. ते नसले तर पॅकेज बसल्यासारखं दिसतं, मॉड्यूल बनलेलंच नसतं.

मीपणसांगतो: +१, ड्रायव्हर आधी. आणि इमेजला ‘लेटेस्ट’ टॅग (आवृत्तीचं नाव) नको.

घट्टपिन: कुठलाच टॅग नको, डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून निघणारा ठसा) लिहा.

रात्रपाळी: टॅगमध्ये एसडीकेचा क्रमांक असतो की.

घट्टपिन: त्याच टॅगवर उद्या दुसरी इमेज चढवता येते. डायजेस्ट बदलत नाही.

जुनंतेसोनं: इन्फ१ वर (आधीच्या पिढीच्या मशीनवर) सगळं गपगुमान चालतं. कशाला हात लावायचा?

थंडकॅश: इन्फ१ चा कंपायलरच वेगळा, त्याचा इथे संबंध नाही. अर्धा तास ड्रायव्हरमध्ये नाही, कंपाइलमध्ये (मॉडेल चिपसाठी बदलून घेण्यात) जाईल. कंपायलरची आवृत्ती बदलली की कॅशमध्ये साठवलेल्या जुन्या नेफ फाइली (कंपाइल झालेली मॉडेल) कामाच्या नाहीत. शेप (इनपुटचे आकार) स्थिर असतात, म्हणून बॅच आणि सीक्वेन्स लांबीची प्रत्येक जोडी नव्याने कंपाइल होते. कंपायलर सीपीयूवर चालतो, तेव्हा सेवा चालू असतानाच नव्या इमेजमधून हे उरकून घ्या. समांतर जॉब मोजके ठेवा. रॅम संपली तर कर्नल प्रोसेस मारतो आणि कारण डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) सापडतं. कॅश मुळात कंटेनरातल्या व्हार-टेम्प डिरेक्टरीत असते, कंटेनर पुसला की गेली. होस्टची डिरेक्टरी माउंट करा.

मीपणसांगतो: बरोबर, कॅश माउंट करा. ड्रायव्हर मात्र आधीच.

बिनहातोडा: कंपाइलचं पटलं, आजच लावतो. ड्रायव्हरला मात्र आधी हात लावणार नाही. जुना कंटेनर शून्य ते चार चिपवर बांधतो आणि नव्याला फक्त पाच नंबरचं डिव्हाइस देतो. उठला तर ड्रायव्हर राहू दे. नाही उठला तर काकांचा क्रम.

कर्नलकाका: उठला म्हणजे जुळला असं नाही. खरं मॉडेल लोड करून, खऱ्या लांबीचे इनपुट पाठवून बघा. आणि कर्नलचे आपोआप अपडेट होल्डवर टाका, नाहीतर पुढच्या रीबूटला हेडर नसले की सहाही चिप गायब.

रात्रपाळी: दुसऱ्या मशीनवर हे सगळं दुपारी झालं असतं.