तापोळा सहल: वायफायचे दीडशे वेगळे का?

शिरीष, सेक्रेटरी (ए-२०१): मंडळी, तापोळ्याच्या रिसॉर्टचं कोटेशन आलंय. शनिवार-रविवार, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण आणि बोटिंग धरून माणशी २,८००. लहान मुलांना निम्मे. वायफाय हवं असेल तर खोलीमागे दिवसाला १५० वेगळे. काय करायचं, आज रात्रीपर्यंत सांगा.

जोशी काका (बी-१०४): वायफाय नकोच. शिवसागर जलाशयाच्या काठी जाऊन मोबाइलातच डोकं घालायचं असेल तर आपलं क्लब हाउस काय वाईट आहे? फुकट असलं तरी नको.

मंदार (ए-३०४): काकांना अनुमोदन. आता वायफाय लागतं कुणाला? २०१६ ला जिओ आलं तेव्हापासून घरातही मी फोनचाच डेटा वापरतो. रोजचा दोन जीबी संपत नाही.

वैशाली (बी-३०१): भावजी, तो डेटा टॉवर असेल तिथे. माझ्या मुलीचे दिवस भरत आलेत, ती टोरांटोला. तिकडून फोन आला आणि लागलाच नाही तर? दोन दिवस माझा जीव टांगणीला.

अण्णा (सी-१०१): 🌹 शुभ सकाळ. आनंद वाटल्याने वाढतो. 🌹

शिरीष: अण्णा, दुपारचे बारा वाजलेत. 🙏

नेहा (सी-३०३): काका, तुमचं म्हणणं मला पटतं, पण ते अलिबागसाठी. तिथे प्रत्येकाच्या फोनला रेंज आहे, रिसॉर्टने वायफाय दिलं काय आणि नाही दिलं काय, कुणाचं अडत नाही. तापोळ्याला दरीत काही कंपन्यांची रेंज येते, काहींची नाही. ज्याची नाही त्याला वायफाय ही चैन नाही, तोच त्याचा फोन. साधा कॉलसुद्धा वायफाय कॉलिंगवर लागतो. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर महाबळेश्वरपर्यंत घाट चढायचाय, निदान आधी फोन तरी लागू दे. रिसॉर्टवाले मात्र बरोब्बर उलटं करतात. जिथे रेंज आहे तिथे ‘फ्री वायफाय’ची पाटी, आणि जिथे नाही तिथे एक तर पैसे मागतात, नाहीतर ‘निसर्गाशी एकरूप व्हा’ म्हणतात.

मंदार: 😄 एकरूप व्हायचे दीडशे.

नेहा: काश्मीरला तर याची कमालच आहे. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं. म्हणजे वायफायशिवाय गत्यंतर नाही. आणि हॉटेलचं वायफाय सुरू करायला ओटीपी मागतात, तो येणार त्याच बंद सिमवर!

जोशी काका: पण ओटीपी हवाच कशाला? घरच्यासारखा पासवर्ड लिहून लावा ना भिंतीवर.

नेहा: ते आपल्या नवी मुंबईमुळे, काका. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ई-मेल सानपाड्यातल्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता. तिथे राहणाऱ्याला पत्ताही नव्हता. पुढच्याच वर्षी दूरसंचार विभागाने नियम कडक केले: सार्वजनिक वायफाय वापरणारा कोण, याची नोंद हवी. पण नोंद ओटीपीनेच झाली पाहिजे असं नाही, ओळखपत्राची प्रत घेऊनही होते. आधार कार्ड तर चेक-इनला घेतातच. मग खोलीनिहाय पासवर्ड काउंटरवर द्यायला काय हरकत आहे?

नितीन (ए-४०२): आमचं गुहागरला होमस्टे आहे, म्हणून मालकाची बाजू सांगतो. फुकट द्यायला आमची ना नाही, पण जांभ्याच्या दीड-दोन फुटी भिंतीतून सिग्नल जात नाही. प्रत्येक खोलीत द्यायचं तर जागोजागी यंत्र बसवा. पावसाळ्यात फांदी पडून केबल तुटते, वीज कडाडली की राउटर जळतो. लाइट गेली तर त्याला इन्व्हर्टर वेगळा. आणि एका खोलीतल्या पोराने मोठा गेम डाउनलोड करायला लावला की बाकीचे माझ्या नावाने शंख करतात.

नेहा: नितीनदादा, हे सगळं मान्य. पण विहिरीचा पंपही जळतोच की. म्हणून तुम्ही बादलीमागे पैसे घेता का? खोलीच्या भाड्यात धरा. माणशी पन्नास जास्त सांगा, कुणी हूं की चूं करणार नाही.

नितीन: 😄 बरोबर. आम्ही तेच केलं. ओटीवर आणि जेवणाच्या जागी चालतं, खोल्यांत नाही, हे बुकिंगच्या वेळीच सांगतो. स्पीडला मर्यादा लावली, सिनेमा अडकतो, पण व्हिडिओ कॉल नीट होतो. तेव्हापासून तक्रार नाही.

मंदार: वेगळे पैसे घ्यायची सवय लागली की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. नॅशव्हिलच्या मॅरियटच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉटच बंद पाडत होते, आणि प्रदर्शनवाल्यांना एकेका उपकरणाच्या वायफायला २५० ते १,००० डॉलर लावत होते. २०१४ मध्ये सरकारने ६ लाख डॉलर दंड केला.

जोशी काका: स्वतःचा हॉटस्पॉट बंद पाडायचा? ही तर दरोडेखोरी. बरं, तातडीच्या फोनला माझा विरोध नाही. पण खोलीत नको. पोरं रात्रभर बघत बसतील आणि सकाळी बोटीवर जांभया देतील.

वैशाली: मला जेवणाच्या हॉलमध्ये चाललं तरी पुरे, भावजी. तिथेच ठाण मांडते.

शिरीष: आत्ताच मालकांशी बोललो. एवढी माणसं येतायत म्हटल्यावर दीडशे सोडले. हॉल आणि रिसेप्शनला वायफाय, पासवर्ड काउंटरवर, ओटीपी नाही. लाइट गेली तर जनरेटर संध्याकाळी सात ते अकरा, त्यानंतर नाही. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा म्हणून सांगितलंय, ‘बघतो’ म्हणाले. नेहा, उद्या त्यांना परत फोन करून पक्कं कर. सगळ्यांनी वायफाय कॉलिंगचं सेटिंग घरूनच चालू करून या, तिथे गेल्यावर माझ्यामागे लागू नका. अॅडव्हान्स माणशी १,००० बुधवारपर्यंत. अण्णा, तुमचे किती जण?