ग्योकेरेससाठी गॅब्रिएल विकणाऱ्यांनी आधी हे वाचा

मागची_फळी

सप्टेंबर २०२५. फँटसी प्रीमियर लीगचे (खऱ्या खेळाडूंचा आपला संघ निवडायचा, त्यांच्या सामन्यांतल्या कामगिरीवर आपल्याला गुण) २०२५-२६ मोसमातले तीन गेमवीक, म्हणजे तीन फेऱ्या, झाल्यात. काल इथे ‘नऊ_नंबर’ यांनी लिहिलं की आर्सेनलचे दोन-तीन बचावपटू धरून बसलेले मॅनेजर भित्रे आहेत. बचावपटू गॅब्रिएल विका, वाइल्डकार्ड (अख्खा संघ एकदम फुकट बदलायची सवलत) याच आठवड्यात वापरा आणि एका क्लबचे तीनच खेळाडू घेता येतात, तर आर्सेनलच्या तिन्ही जागा पुढच्या फळीला द्या: ग्योकेरेस, एझे, आणि साका बरा झाला की साका. ‘भित्रे’ हा शब्द मला झोंबला. म्हणून सविस्तर लिहितोय.

मागच्या मोसमात लीगमध्ये आर्सेनलकडून सर्वांत जास्त गोल कुणाचे? हावर्ट्झचे, ९. दहाचा आकडा एकालाही गाठता आला नाही. संघाचे ६९ गोल झाले, पण ते पंगतीत वाढल्यासारखे सगळ्यांच्या पानात थोडे थोडे पडले. कुठल्या आठवड्यात कुणाच्या पानात पडेल हे ओळखण्यात माझं अख्खं वर्ष गेलं.

आता मागे बघा. २०२३-२४ मध्ये २९ गोल खाल्ले, २०२४-२५ मध्ये ३४. दोन्ही वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी. गोलकीपर राया दोन्ही वर्षी गोल्डन ग्लोव्ह (सर्वांत जास्त सामन्यांत गोल न खाणाऱ्या गोलकीपरचा मान) घेऊन गेला, दुसऱ्या वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सेल्ससोबत. त्यात गॅब्रिएल कॉर्नरला पुढे जातो, आणि बचावपटूच्या गोलला ६ गुण असतात, फॉरवर्डच्या गोलला ४.

या मोसमातले तीन सामने घ्या. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर १-०, लीड्स ५-०, लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर ०-१. म्हणजे २७० मिनिटांत एक गोल, तोही सोबोस्लाईच्या त्या फ्री किकवर. त्या दिवशी आमच्याकडे गौरी आल्या होत्या. घर माणसांनी भरलेलं, आई दोनदा म्हणाली मोबाइल ठेव, तरी मी माजघराच्या दारात उभा राहून बघत होतो. ८३व्या मिनिटाला चेंडू जाळ्यात गेला आणि गॅब्रिएल-राया मिळून माझे क्लीन शीटचे (एकही गोल न खाल्ल्याचे) ८ गुण गेले. खूप वाईट वाटलं. पण विकायचा विचार मनात आला नाही, कारण बचाव कुठेही फुटला नव्हता.

ग्योकेरेसने स्पोर्टिंगसाठी एका मोसमात ३९ लीग गोल केले हे मलाही माहीत आहे. पण शंभरच्या बजेटात मोसमाच्या सुरुवातीला तो ९ चा होता आणि गॅब्रिएल ६ चा. सालाह १४.५, हालांड १४. दोघंही घेतले तर उरलेल्या १३ जणांना ७१.५ उरतात. त्यात नऊचा तिसरा माणूस बसवायला मधली फळी कुठून आणणार?

नऊ_नंबर

भित्रे म्हणालो होतो आणि अजूनही म्हणतो.

६९ गोलांचा आकडा दिलात, पण तो का झाला ते गाळलंत. साका डिसेंबरमध्ये हॅमस्ट्रिंगने गेला तो एप्रिलला परतला. जेसुस जानेवारीत गेला, हावर्ट्झ फेब्रुवारीत. शेवटी मेरिनो नऊ नंबरला खेळला, जो मिडफिल्डर आहे! आदल्या वर्षी पुढचे बहुतेक धडधाकट होते तेव्हा याच संघाने ९१ गोल केले आणि एकट्या साकाचे १६ होते. आजारी माणसाचं वजन करून तो मुळातच बारीक आहे असं सांगताय तुम्ही.

आणि रायाच्या मागच्या वर्षीच्या क्लीन शीट १३. म्हणजे ३८ पैकी २५ सामन्यांत तुमचा सहाचा बचावपटू दोन गुण घेऊन घरी आला. हे तुम्हाला सुरक्षित वाटतं?

शनिवारी फॉरेस्ट आहे. त्यांचा प्रशिक्षक नूनो गेला, मंगळवारी पोस्टेकोग्लू आला. त्याची बचावरेषा किती वर असते ते टॉटनहॅमच्या दोन वर्षांत सगळ्यांनी पाहिलंय. ग्योकेरेसला मागे मोकळं रान मिळेल. त्यानंतर सिटी घरी आणि न्यूकॅसल बाहेर. या दोन सामन्यांत क्लीन शीट मिळेल असं छातीवर हात ठेवून सांगा.

माहीमची_पोर

दोघांचंही वाचलं. पण ‘आर्सेनलचा बचाव’ म्हणताना नक्की कोण, ते कुणीच सांगत नाहीये. सलिबा ॲनफिल्डवर पाचव्या मिनिटाला घोटा धरून बाहेर गेला. उजव्या बाजूला पहिल्या सामन्यात व्हाइट, दुसऱ्यात टिंबर. मी व्हाइट घेऊन सुरुवात केली होती. लीड्सविरुद्ध तो नव्हताच, आणि त्याच्या जागी टिंबरने दोन गोल आणि क्लीन शीट. बोनस न धरता १८ गुण. माझ्या बहिणीकडे टिंबर होता. तिने मला रात्री एक वाजता फोन केला. आता बचावपटू हिंकापिएही आलाय, म्हणजे डावीकडच्या कॅलाफिओरीच्या जागेवरही टांगती तलवार. दर शनिवारी संघ जाहीर होईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं असेल तर ह्याला भरवशाचा बचाव कसं म्हणायचं?

मागची_फळी

टिंबर-व्हाइटचं पटलं. म्हणून मी गॅब्रिएल आणि राया म्हणतो. हे दोघं फिट असले की प्रशिक्षक आर्टेटा त्यांना बाहेर बसवत नाही.

रीडिंगकर

लीड्सच्या सामन्याला मी आर्सेनलच्या मैदानावर, एमिरेट्सवर होतो. टीव्हीवर एक गोष्ट कळत नाही. आर्सेनलला कॉर्नर मिळाला की लोक गोल झाल्यासारखे उभे राहतात. कॉर्नर-फ्री किकचा प्रशिक्षक जोव्हेर आपल्या जागेवरून उठून रेषेजवळ येतो आणि माझ्या शेजारचे आजोबा बोट दाखवून नातवाला सांगत होते की आता बघ. ही सवय लोकांना उगाच लागलेली नाही.

पेनल्टीचंही सांगतो, कारण ग्योकेरेसचे दोन गोल सगळे मोजतायत. साका तोवर दुखापतीने बाहेर गेला होता. शेवटी १५ वर्षांचा मॅक्स डाउमन आत आला, त्याला पाडलं, आणि ती पेनल्टी ग्योकेरेसने मारली. साका परतला की चेंडू कुणाच्या हातात असेल? याचं उत्तर मिळेपर्यंत मी ग्योकेरेससाठी नऊ मोजणार नाही.

माझी चूकही ऐका. ऑफिसच्या मिनी-लीगमध्ये आम्ही वीस-वीस पौंड लावतो. मागच्या वर्षी सालाह महाग म्हणून घेतला नाही. त्याने ३४४ गुण केले, या खेळाच्या इतिहासात सर्वांत जास्त, आणि मी खालून दुसरा आलो.

कृष्णाकाठ

एवढी चांगली चर्चा चालली होती आणि मध्येच वीस पौंड आले. पैसे का लावता? हा खेळ फुकट आहे, हीच त्याची सगळ्यांत चांगली गोष्ट आहे.

मी हे तावातावाने लिहितोय, कारण माझ्या घरात घडलंय. माझ्या मेव्हण्याने एका ॲपवर क्रिकेटची टीम लावायला ४९ रुपयांनी सुरुवात केली. दोन वर्षांत बायकोचे दागिने गहाण पडले. बहीण सहा महिने माहेरी राहिली. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली तेव्हा आमच्याकडे आईने देवासमोर साखर ठेवली. आशिया चषकात अशा ॲपची जाहिरात जाऊन भारताचा शर्ट कोरा दिसतो ना, तो बघून मला बरं वाटतं.

नऊ_नंबर

तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. पण आमच्या लीगमध्ये बारा जण प्रत्येकी ५०० रुपये काढतो आणि मे महिन्यात सगळे मिळून जेवायला जातो. पहिला येणाऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत, एवढंच. कॉलेजचे मित्र, एक नाशिकला, दोन बंगळूरला, एक दुबईला. हे जेवण नसतं तर आम्ही वर्षानुवर्षं भेटलो नसतो. याला जुगार म्हणू नका.

कृष्णाकाठ

मेव्हणाही मित्रांसोबतच सुरू झाला होता. त्यांचंही जेवणच ठरलं होतं.

नऊ_नंबर

म्हणजे आम्ही सगळे त्याच वाटेवर? ओळख ना पाळख आणि तुम्ही माझ्या मित्रांना जुगारी ठरवताय. तुमच्या घरातल्या माणसाला आवरता आलं नाही त्याचा राग इथे काढू नका.

माहीमची_पोर

नऊ_नंबर, शेवटचं वाक्य मागे घ्या. फार लागेल असं बोललात.

मडगांवकार

मी इथे क्वचित लिहितो, पण आता लिहितो. आमच्याकडे फुटबॉल गल्लीत वाढला. वडील साळगावकर आणि धेंपो या क्लबांच्या सामन्यांना फातोर्ड्याला न्यायचे. घरी येताना वडील आणि काका भांडायचे, दोन दिवस बोलायचे नाहीत, पण त्यात एक पैसा नसायचा. आणि त्याच वाड्यावर मटक्याचे आकडे लिहून घेणारा माणूसही होता. त्याच्याकडे जाणाऱ्या घरांचं काय झालं तेही मी पाहिलं. पाचशे रुपयांचं जेवण आणि मटका एक नाही, हे मी नऊ_नंबरना मान्य करतो. पण कृष्णाकाठ यांना जी भीती वाटते ती खरी आहे. मागच्या आठवड्यात गेलं ते या आठवड्यात वसूल करू, ही घाई दोन्हीकडे सारखीच असते. तीन गेमवीक झाले नाहीत तोवर लोक आठ-आठ गुणांचे हिट घेतायत (जादा बदलांसाठी गुण कापून घेतायत), ते मला त्याच घाईचं रूप वाटतं.

नऊ_नंबर

कृष्णाकाठ, ते वाक्य मी मागे घेतो. चुकलं माझं. जुगाराबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

कृष्णाकाठ

ठीक आहे. माझंही बदललेलं नाही. जेवण करा, पण पहिला येणाऱ्यालाही त्याचे पाचशे भरू द्या. बाकी मला काही म्हणायचं नाही.

मागची_फळी

मूळ मुद्द्यावर या, शनिवार जवळ आलाय. मडगांवकार यांनी हिटबद्दल लिहिलं तेच मला वाइल्डकार्डबद्दल म्हणायचंय. पहिलं वाइल्डकार्ड १९व्या गेमवीकपर्यंत चालतं. फुकट बदल पाचपर्यंत साठवता येतात. एझे आर्सेनलकडून अजून एकदाही पहिल्यापासून खेळलेला नाही, साका कधी येईल ते नक्की नाही, ओडेगार्डचा खांदा दुखावलाय. अशा आठवड्यात वाइल्डकार्ड टाकून आर्सेनलची पुढची फळी घ्यायची म्हणजे अंधारात पंगत मांडायची.

नऊ_नंबर

तुमचा बचाव यंदाच्या नव्या नियमात कुठे बसतो ते सांगा की. क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून दहा झाले की बचावपटूला दोन गुण. हे दहा कुणाचे होतात? ज्यांच्यावर नव्वद मिनिटं मारा होतो त्यांचे. एव्हर्टनचा टारकोव्स्की, बोर्नमथचा सेनेसी. आर्सेनलकडे चेंडूच इतका असतो की गॅब्रिएलला ते दहा जमवायला घाम फुटतो. सेनेसी त्याच्यापेक्षा खूप स्वस्त आहे.

मागची_फळी

हा मुद्दा बिनतोड आहे, आणि मी तो पहिल्या पोस्टमध्ये घ्यायला हवा होता. तीन आर्सेनल बचावपटू हे गेल्या वर्षीचं गणित होतं, यंदा ते महाग पडतं. मी दोनवर येतो. पण दोनाच्या खाली नाही. सेनेसीला दोन गुण मिळतील तेव्हा बोर्नमथने दोन गोल खाल्लेलेही असतील, त्याचा एक वजा करा.

तिसरी जागा ग्योकेरेसला देत नाही. राइस ६.५ चा आहे. साका नसताना कॉर्नर आणि फ्री किक बहुतेक त्याच्याच पायावर असतात, आणि गॅब्रिएलच्या डोक्यावर चेंडू बसला तर दोघांचे गुण एकाच क्षणी येतात.

रीडिंगकर

राइसला माझंही मत. लीड्सविरुद्ध टिंबरचा पहिला गोल त्याच्याच कॉर्नरवर झाला.

नऊ_नंबर

गॅब्रिएल ठेवतो. तुमच्या आकड्यांमुळे नाही, सलिबा नसताना त्याला कुणी बसवणार नाही म्हणून. राया नको. गोलकीपरवर साडेपाच घालणं मला कधीच पटलं नाही. ग्योकेरेस मात्र शनिवारी माझ्या संघात असणार, आणि ती उंच बचावरेषा तशीच राहिली तर त्याचे गुण इथे येऊन लिहीन.

मागची_फळी

लिहा. क्लीन शीट आली तर मीही लिहीन.

माहीमची_पोर

डेडलाइन शनिवारी दुपारी साडेतीनला आहे, आणि पहिलाच सामना आर्सेनलचा. मी व्हाइट विकतेय हे नक्की. त्याच्या जागी टिंबर की जास्त पैसे घालून गॅब्रिएल, यावर अडकलेय. टिंबर पहिल्यापासून खेळेल असं ज्यांना खात्रीने वाटतं त्यांनी कारणासह सांगा, बहिणीला विचारायचं नाहीये.